विनामूल्य हिवाळा : न्यूयॉर्कचा गोठलेला तलाव नेमका कोणाचा?

१/
साल १८६० च्या आसपासचे. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतून उत्तरेकडे निघालेल्या घोड्यांच्या ट्रामवर एके सकाळी एक लहानसे निशाण दिसू लागे. त्यावर तांबड्या गोळ्याचे चिन्ह असे. त्याचा अर्थ शहरात सर्वांना ठाऊक होता : सेंट्रल पार्कमधील तलाव गोठला आहे, बर्फ पक्का झाला आहे, आज स्केटिंग होणार. आणि त्या बर्फावर उतरण्यासाठी कोणालाही तिकीट काढावे लागणार नव्हते.

२/
हिवाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे, पैसे न मोजता चार घटका आनंदात घालवाव्यात, ही गोष्ट आज शहरवासीयांना स्वाभाविक वाटते. परंतु ‘विनामूल्य’ या शब्दालाही इतिहास आहे. कोणत्याही फुकट गोष्टीची किंमत कोणीतरी चुकती केलेली असते. आणि ती सर्वांसाठी फुकट व्हावी म्हणून कोणीतरी भांडलेले असते. या तलावाच्या काठाने गेले की हे दोन्ही इतिहास एकत्र भेटतात.

३/
ज्या वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्याच १८५३ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने मॅनहॅटन बेटाच्या मध्यभागी एका विशाल उद्यानासाठी जमीन ताब्यात घेण्यास मंजुरी दिली. शहर झपाट्याने फुगत होते. १८५० साली सुमारे ५ लाख १५ हजार असलेली लोकसंख्या पुढच्या दहा वर्षांत ८ लाखांच्या वर गेली. लंडन आणि पॅरिसला भव्य उद्याने आहेत, मग आपल्याला का नसावे, असा धनिक व्यापाऱ्यांचा सवाल होता. उद्यानाभोवतीच्या जमिनींचे भाव वाढतील, हेही त्यांच्यापैकी अनेकांना चांगलेच कळत होते.

४/
ती जमीन मात्र रिकामी नव्हती. पश्चिमेकडच्या बाजूला, साधारण ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांदरम्यान, ‘सेनेका व्हिलेज’ नावाची वस्ती होती. तिची सुरुवात १८२५ साली झाली; म्हणजे न्यूयॉर्क राज्यातून गुलामगिरी पूर्णपणे संपण्याच्या दोन वर्षे आधी. अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने तेथे १२५ डॉलरला तीन भूखंड विकत घेतले. त्याच्यामागोमाग इतर कुटुंबे आली. १८५५ च्या सुमारास तेथे सव्वादोनशेच्या आसपास लोक राहत. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश आफ्रिकन-अमेरिकन, उरलेले बहुतांशी आयरिश स्थलांतरित. वस्तीत तीन चर्चे होती, एक शाळा होती, दफनभूमी होती.

५/
येथे जमिनीला केवळ छपरापुरता अर्थ नव्हता. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात गोऱ्या पुरुषांना मतदानासाठी मालमत्तेची अट उरली नव्हती. कृष्णवर्णीय पुरुषांना मात्र किमान २५० डॉलरची मालमत्ता असल्याशिवाय मत देता येत नसे. म्हणून सेनेका व्हिलेजमधला भूखंड म्हणजे नागरिकत्वाकडे जाणारी वाट होती. १८५७ अखेरपर्यंत ही संपूर्ण वस्ती उठवण्यात आली. उद्यानाच्या एकूण जागेवरून विस्थापित झालेल्यांची संख्या सुमारे १,६०० सांगितली जाते. जमीनमालकांना मोबदला मिळाला. विल्यम्सने ३,५०० डॉलर मागितले होते. हाती पडले २,३३५. भाड्याने राहणाऱ्यांच्या पदरात काही पडले नाही. आणि शेजार, शाळा, प्रार्थनास्थळ यांचा भाव कोणत्याही तक्त्यात लागला नाही.

६/
१८५७ हे साल हिंदुस्थानात उठावाचे. न्यूयॉर्कमध्ये ते आर्थिक अरिष्टाचे. बँका कोसळल्या, कारखाने थंडावले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बेकारांचे जमाव ‘काम द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले. उद्यानाच्या बांधकामावर हजारो मजुरांना रोजगार मिळाला, त्यामागे हा दबावही होता. पुढच्या वर्षी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा स्पर्धेतील ३३ प्रवेशिकांमधून निवडला गेला. खडक फोडून, दलदल उपसून, माती वाहून मजुरांनी जे घडवले, त्याला आज पाहुणे ‘निसर्ग’ म्हणतात. तो तलावही मानवनिर्मितच आहे. दलदलीच्या जागी खोदकाम करून त्यात पाणी सोडलेले आहे.

७/
उद्यानाचे काम अर्धेही झाले नव्हते, तेव्हाच, १८५८ च्या डिसेंबरात, तलावाचा तयार झालेला भाग गोठला आणि लोकांसाठी खुला झाला. म्हणजे न्यूयॉर्ककरांनी सेंट्रल पार्कचा पहिला मोठा उपभोग घेतला तो ना झाडांचा, ना हिरवळीचा, तर बर्फाचा. पाहता पाहता तेथे हजारोंची गर्दी होऊ लागली. स्केटिंगची अक्षरशः साथ आली.

८/
या सुखामागची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. उद्यानातल्या ‘व्हिस्टा रॉक’ नावाच्या उंच खडकावर घंटेचा मनोरा होता. बर्फ माणसांचा भार पेलण्याजोगा झाला की त्यावर तांबडा गोळा चढवला जाई. ‘गोळा चढला’ एवढे दोन शब्द शहरात पुरेसे होत. ट्रामवरची निशाणे हीच बातमी दूरच्या वस्त्यांपर्यंत नेत. हिवाळ्यात तलावातले पाणी मुद्दाम कमी ठेवले जाई, म्हणजे बर्फ फुटलाच तर जीवावर बेतू नये. पृष्ठभाग खरवडून सपाट केला जाई. रात्री प्रखर दिव्यांच्या उजेडात खेळ चालू राही. दूरध्वनी नाही, आकाशवाणी नाही; तरी एका खडकावरचा गोळा संपूर्ण शहराला सुट्टीचा बेत सांगत होता.

९/
स्त्रियांच्या दृष्टीने हा तलाव विशेष महत्त्वाचा. सभ्य घरातल्या स्त्रीने उघड्यावर धावणे-खेळणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. स्केटिंगला मात्र मुभा मिळाली. प्रारंभी तलावाचा एक वेगळा फाटा ‘लेडीज पाँड’ म्हणून स्त्रियांसाठी राखून ठेवला होता. परंतु मोठ्या तलावावर स्त्री-पुरुष एकत्र खेळू लागले. तोल सावरण्यासाठी हात धरणे तेथे गैर मानले जात नसे. जो संकोच दिवाणखान्यात पाळावा लागे, तो बर्फावर आपोआप सैल झाला.

१०/
या दृश्याची भुरळ चित्रकारांनाही पडली. विन्स्लो होमर याने काढलेले या स्त्रियांच्या तळ्याचे चित्र १८६० च्या जानेवारीत ‘हार्पर्स वीकली’मध्ये छापून आले. १८६२ साली ‘करियर अँड आइव्ह्ज’ या प्रकाशकांनी गोठलेल्या तलावाचे शिळाछाप चित्र बाजारात आणले. त्यात टोप्या घातलेले गृहस्थ आहेत, घेरदार झग्यातल्या स्त्रिया आहेत, तोल जाऊन पडलेले लोकही आहेत. न्यूयॉर्कच्या हिवाळ्याची जी प्रतिमा जगाच्या मनात बसली, तिचा बराचसा उगम या चित्रांत आहे.

११/
आता चित्रात न दिसणाऱ्यांकडे पाहावे. प्रवेश फुकट होता, पोहोचणे फुकट नव्हते. बहुसंख्य श्रमिक कुटुंबे शहराच्या दक्षिण भागात कोंदट चाळवजा इमारतींत राहत. तलाव तेथून कित्येक मैल दूर. ट्रामचे भाडे माणशी ५ सेंट धरले, तर नवरा-बायकोच्या जाण्यायेण्यालाच २० सेंट लागत. उद्यान बांधणाऱ्या मजुराची त्या मंदीच्या काळातली मजुरी दिवसाला साधारण १ डॉलर. म्हणजे मुले धरलीच नाहीत तरी रोजच्या कमाईचा पाचवा हिस्सा वाटेतच खर्च होई. स्केट्स स्वतःच्या नसतील तर त्यांचे भाडे निराळे.

१२/
याहून मोठी अडचण वेळेची होती. कामगाराचा आठवडा सहा दिवसांचा. मोकळा दिवस एकच, रविवार. उद्यानातल्या संगीतसभा मात्र शनिवारी भरत, जेव्हा मजूर कामावर असे. रविवार हा प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी करमणूक नको, असा धर्मनिष्ठांचा आग्रह होता. नियमही कडक होते. हिरवळीवर चालण्यावर बंधने, सामूहिक वनभोजनांवर बंधने. शाळकरी मुलांना चेंडूफळीचा खेळ खेळायचा तर शिक्षकांचे चांगल्या हजेरीचे प्रमाणपत्र आणावे लागे. गरिबांना येथे येऊन शिस्त लागेल, ही संस्थापकांची अपेक्षा होती. गरिबांना मात्र मोकळेपणा हवा होता.

१३/
ही तटबंदी हळूहळू ढासळली, आणि ती आपोआप ढासळली नाही. कामगार संघटना, वृत्तपत्रे आणि जर्मन-आयरिश स्थलांतरितांच्या वस्त्या यांचा रेटा वाढत गेला. १८८४ साली रविवारच्या संगीतसभा सुरू झाल्या. मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय १८८० मध्ये उद्यानात आले. पण तेही रविवारी बंद. ज्या दिवशी कामगाराला सवड, नेमक्या त्याच दिवशी दाराला कुलूप. हजारो सह्यांचे अर्ज झाले, वर्षानुवर्षे वाद झाला आणि अखेर १८९१ च्या मे महिन्यात ते दार रविवारी उघडले. कडाक्याच्या थंडीत कुटुंबाला उबदार छपराखाली विनाशुल्क घालवता येईल अशी एक दुपार मिळाली, ती अशा भांडणातून.

१४/
पुढचा टप्पा नाताळच्या झाडाचा. नाताळचे झाड ही तोवर घरातली गोष्ट होती. ज्याच्या घरात जागा आणि खिशात पैसा, त्याचेच झाड. २४ डिसेंबर १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये सुमारे ६० फूट उंचीचे, विजेच्या दिव्यांनी उजळलेले झाड उभे राहिले. कल्पना एमिली हेरशॉफ यांची. ज्यांच्या घरी झाड नाही त्यांनीही यावे, गाणी ऐकावीत, उजेड पाहावा, एवढाच हेतू. चार भिंतींतला सण चौकात आला. त्याच हिवाळ्यात बॉस्टन आणि हार्टफर्ड येथेही सार्वजनिक झाडे उभी राहिली आणि पुढे ही प्रथा देशभर पसरली.

१५/
जगप्रसिद्ध रॉकफेलर सेंटरच्या झाडाचा उगमही असाच साधा आहे. १९३१ चा डिसेंबर, महामंदीचा काळ. तेथे बांधकाम करणाऱ्या मजुरांनी सुमारे २० फुटांचे एक झाड स्वतःच उभारले आणि कागदी माळा, क्रॅनबेरीच्या माळा, अगदी पत्र्याचे डबे लावून सजवले. त्याच झाडाशेजारी रांगेत उभे राहून त्यांनी पगार घेतला. १९३३ पासून तो अधिकृत सोहळा झाला. १९३६ च्या नाताळला तेथे स्केटिंगची जागा सुरू झाली, पण ती पैसे भरून. वर कठड्याला टेकून पाहणे विनामूल्य, खाली उतरणे सशुल्क. ही विभागणी आजही कायम आहे.

१६/
सेंट्रल पार्कमध्येही काळ पालटला. १९५० च्या सुमारास तेथे ‘वोलमन रिंक’ हे कृत्रिम बर्फाचे मैदान सुरू झाले. निसर्गाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मात्र प्रवेशशुल्क आले. तलावावरचे स्केटिंग मागे पडत इतिहासजमा झाले. जे विनामूल्य उरले ते अधिक साधे आहे. पुरेसे बर्फ पडले की पिलग्रिम हिल आणि सीडर हिल या टेकड्यांवरून मुले घसरगाडीवर बसून खाली येतात. त्यासाठी लागते ती एक घसरगाडी आणि ओली झाली तरी चालतील अशी विजार.

१७/
ज्या व्हिस्टा रॉकवर तांबडा गोळा चढत असे, तेथे आता बेल्व्हेडिअर हा छोटासा किल्ला आहे. १९१९ पासून शहराच्या तापमानाची नोंद तेथेच होते. शहराला थंडीची वर्दी देण्याचे काम त्या खडकाने सोडलेले नाही.

१८/
तेथून वायव्येला थोडे चालले की सेनेका व्हिलेजची जागा लागते. जवळपास दीड शतक ही वस्ती विस्मृतीत गेली होती. २००१ मध्ये तिची स्मृती सांगणारा फलक लागला. २०११ साली पुरातत्त्व अभ्यासकांनी उत्खनन केले. जमिनीतून निघाले ते राजमुद्रा वा शस्त्रे नव्हेत, तर घरातल्या वस्तू : लोखंडी किटली, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि एका लहान मुलाच्या चामडी बुटाचा अवशेष. तेही मूल हिवाळ्यात कुठेतरी खेळले असेल. १८५८ च्या डिसेंबरात तलाव पहिल्यांदा खुला झाला, तेव्हा त्याच्या घराची जागा रिकामी होऊन एक वर्षही पुरते झाले असेल-नसेल.

१९/
म्हणून सार्वजनिक जागेच्या इतिहासाकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत. ही जागा आधी कोणाची होती? ती फुकट झाली तेव्हा प्रत्यक्षात कोण पोहोचू शकत होते? आणि जे पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यासाठी दार कोणी उघडायला लावले? सेंट्रल पार्कच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांकडे जातात. गोठलेल्या तलावाचे चित्र सुंदर आहे, ते तसेच राहू द्यावे. फक्त ते पाहताना बर्फावरच्या गर्दीबरोबर ट्रामचे पाच सेंट, शनिवारचे संगीत आणि तो छोटा बूटही आठवावा.

(समाप्त)