पलटणीतले गवंडी



आमचं डोंगरकडा हे गाव नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं. दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि हळदीची रानं. याच रस्त्यानं बाळापूर, कळमनुरी मागं टाकत पुढं गेलं की हिंगोली येते. हिंगोली म्हटलं की आज आपल्याला जिल्ह्याची कचेरी आठवते, बाजारपेठ आठवते. परंतु एकोणिसाव्या शतकात या गावाची ओळख होती ती छावणी म्हणून. निजामाच्या नावानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी जी फौज होती, तिच्या पलटणी इथं असत. याच फौजेनं १८१९ च्या जानेवारीत हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला होता. १८५३ च्या तहानंतर तिला हैदराबाद कंटिंजंट असं नाव मिळालं. घोडेस्वारांचे चार रिसाले, पायदळाच्या सहा पलटणी आणि तोफखान्याच्या चार तुकड्या असा तिचा पसारा. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली.

अशा छावणीत एकेक गोरा अधिकारी वर्षानुवर्षं काढी. घर समुद्रापार. पटकी, हिवताप, लढाई, काय कधी गाठील याचा नेम नाही. आपण मेलो तर बायकोला कोण पाहील, पोरांना कोण शिकवील, हा प्रश्न त्याच्या उशाशी असेच. आपल्या शिपायाच्या उशाशीही तोच प्रश्न असे. फरक इतकाच, की शिपायाच्या पाठीमागं त्याचा गाव होता, भाऊबंद होते. गोऱ्या सैनिकानं मात्र आपल्यासाठी एक कृत्रिम भाऊबंदकी उभी केली होती. तिचं नाव फ्रीमेसनरी, आणि सैनिकांच्या लॉजची हकिगत आज आपल्याला सांगायची आहे.

लॉज म्हटलं की आपल्याकडे रात्रीच्या मुक्कामाची जागा डोळ्यांपुढं येते. इथं लॉज म्हणजे सभासदांची बैठक, त्यांचं मंडळ. मेसन म्हणजे गवंडी. युरोपात मोठमोठी मंदिरं बांधणाऱ्या पाथरवटांचे आणि गवंड्यांचे जुने संघ होते. पुढं त्यांत बांधकामाशी संबंध नसलेले गृहस्थही येऊ लागले, आणि २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये चार लॉजनी मिळून एक महासभा स्थापली. गवंड्याची हत्यारं यांनी खूण म्हणून ठेवली. गुण्या म्हणजे सरळ वागणूक, पाणसळ म्हणजे समानता, ओळंबा म्हणजे मनाचा सरळपणा. सभासदांच्या तीन पायऱ्या: शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. ईश्वर मानला पाहिजे, मग तो कोणत्या धर्माचा हे विचारायचं नाही. बैठकीत धर्माचा आणि राजकारणाचा वाद काढायचा नाही. आणि अडलेल्या बंधूला मदत करायची. दीक्षेचे विधी आणि ओळखीच्या खुणा मात्र बाहेर सांगायच्या नाहीत.

या गुप्ततेमुळंच आपल्या लोकांनी त्यांच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणायला सुरुवात केली. फारशी-उर्दूत ‘फरामोशखाना’ असंही नाव पडलं, म्हणजे आत पाहिलेलं विसरून जायचं घर! हैदराबादला गोशामहालाची बारादरी आहे. कुतुबशाही अमदानीतली ही वास्तू १८७२ च्या सुमारास निजाम सरकारनं या मंडळींना दिली. एकदा मुलांची सहल घेऊन मी तिकडे गेलो होतो. ती इमारत दाखवली तेव्हा एका पोरानं विचारलं, “गुरुजी, आत भूत आहे का?” मी म्हटलं, “भूत नाही रे बाबा, नियम आहेत.” त्या नियमांकडेच आता वळू.

लॉज एका गावात, एका इमारतीत भरतो. पलटण तर आज इथं आणि उद्या तिथं. मग सैनिकानं काय करायचं? यावर आयर्लंडच्या महासभेनं १७३२ साली एक तोड काढली. पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटला, म्हणजे जिला पुढं रॉयल स्कॉट्स म्हणू लागले तिला, तिनं फिरत्या लॉजची सनद दिली. सनदेवर गावाचं नाव नाही, पलटणीचं नाव. सनद, पदकं आणि विधींचं साहित्य एका पेटीत भरायचं. पलटण हलली की पेटीही सामानाच्या गाड्यांतून हलायची. जिथं तंबू पडले तिथं लॉज भरला. आपल्या दिंडीचं जसं, जिथं मुक्काम तिथं कीर्तन, तसाच काहीसा प्रकार. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या महासभांनीही तोच कित्ता गिरवला, आणि या पेट्यांबरोबर गवंड्यांचं हे बंधुत्व अमेरिका, कॅनडा, वेस्ट इंडीज आणि आपला देश असं सगळीकडे पोचलं.

या पेटीची एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १६ जुलै १७७९ रोजी स्टोनी पॉइंट नावाचं ठाणं अमेरिकनांनी इंग्रजांकडून घेतलं. तिथल्या सतराव्या रेजिमेंटच्या लॉजची सनद त्यांच्या हाती लागली. अमेरिकेचा सेनापती सॅम्युएल पार्सन्स स्वतः मेसन होता. त्यानं ती सनद सोबत एक पत्र जोडून शत्रूच्या लॉजकडे परत पाठवली. रणात एकमेकांवर गोळ्या झाडणारी ही माणसं त्या कागदाच्या बाबतीत मात्र भाऊ राहिली.

आणि मदत? ती नुसती बोलण्यापुरती नव्हती. लंडनमध्ये १७८८ साली मेसन बांधवांच्या मुलींसाठी शाळा निघाली, ती पुढं रॉयल मेसॉनिक स्कूल म्हणून नावारूपाला आली. मेलेल्या सोबत्याला मूठमाती देणं, विधवेसाठी वर्गणी करणं, पोरक्या पोराला शाळेत घालणं, ही लॉजची नेहमीची कामं. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग याची ‘किम’ ही कादंबरी १९०१ साली निघाली. तिचा नायक किम हा एका आयरिश सार्जंटचा पोरका मुलगा, लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला. बाप मेसन होता. त्याचे कागद पोराच्या गळ्यातल्या ताइतात शिवलेले असतात, आणि बापाच्या पलटणीची गाठ पडते तेव्हा त्याच कागदांवरून त्याची ओळख पटते. गोष्ट कल्पित खरी, पण किपलिंग स्वतः १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला होता, त्यामुळं आतलं जग त्याला ठाऊक होतं.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या लष्करात १८३३ साली ‘ओरायन इन द वेस्ट’ नावाचा लॉज निघाला. १८४४ साली स्कॉटलंडच्या सनदेचा ‘सेंट अँड्र्यू इन द ईस्ट’ निघाला. हे पलटणीबरोबर फिरणारे नव्हेत, तर छावणीच्या गावी स्थिर झालेले लॉज. कारण फिरत्या सनदेची अडचण हळूहळू ध्यानात येत होती. लढाईत पेट्या हरवत, बदल्यांत माणसं पांगत, हप्ते थकत. तेव्हा पलटणी येवोत-जावोत, लॉज गावातच राहावा, ही पद्धत जास्त सोयीची ठरली. आयर्लंडच्या सनदेचा, १७५९ सालचा ‘ग्लिटरिंग स्टार’ हा एकोणतिसाव्या रेजिमेंटचा लॉजदेखील अखेर इंग्लंडात एका जागी स्थिरावला.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, की वा, काय सुंदर व्यवस्था! परंतु श्रोतेहो, इतिहास सांगताना नियमाचं दुसरं पानही उलटून पाहावं लागतं. १८१३ साली इंग्लंडातल्या दोन प्रतिस्पर्धी महासभा एक झाल्या. त्यानंतरच्या घटनेत लष्करी लॉजसाठी दोन बंधनं घातली गेली. पहिलं असं, की पलटण ज्या गावात असेल तिथल्या रहिवाशाला दीक्षा द्यायची नाही. दुसरं असं, की कॉर्पोरलच्या खालच्या शिपायाला खास परवानगीवाचून दीक्षा द्यायची नाही. फार तर वाढपी-सेवक म्हणून आत घ्यायचा. पहिल्या बंधनाला थोडं कारण तरी होतं. पलटण निघून गेल्यावर त्या नव्या सभासदांनी जावं कुठं? दुसऱ्याचं काय? पाणसळीची शपथ घ्यायची, समानतेची गाणी म्हणायची आणि खाली मान घालून बंदूक वाहणाऱ्या साध्या शिपायाला उंबऱ्यावर थांबवायचं! ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्याच्याचसाठी दार अरुंद.

गोऱ्या शिपायाची ही गत, तर काळ्या माणसाची काय असेल? याचं उत्तर दोन ठिकाणी मिळतं. पहिलं अमेरिकेत. बोस्टन शहरात ६ मार्च १७७५ रोजी अडतिसाव्या रेजिमेंटच्या आयरिश लॉजनं प्रिन्स हॉल नावाच्या एका आफ्रिकी वंशाच्या गृहस्थाला त्याच्या चौदा सोबत्यांसह दीक्षा दिली. पुढल्याच वर्षी इंग्रज फौज बोस्टन सोडून गेली. मागं राहिलेल्या या पंधरा जणांना तिथले गोरे बंधू आपल्यात घेईनात. अखेर प्रिन्स हॉलनं थेट लंडनला अर्ज केला, १७८४ साली सनद मिळवली आणि स्वतःचा लॉज उभा केला. त्याच्या नावानं चालणारे लॉज अमेरिकेत आजही आहेत.

दुसरं उत्तर आपल्या देशातलं. मुंबईच्या फौजेत डॉ. जेम्स बर्न्स नावाचे सर्जन होते. १८३६ पासून ते पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचे प्रमुख. पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी यांना मुंबईचे गोरे लॉज आत घेईनात, तेव्हा बर्न्स यांनी पुढाकार घेतला आणि १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा हिंदी लोकांसाठीचा लॉज काढला. यात त्यांचं मन मोठं दिसतं. पण वेगळं घर बांधून द्यावं लागलं यातच जुन्या घराचं दार किती बंद होतं तेही दिसतं. बंगालमध्ये तर प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना कलकत्त्याच्या लॉजमध्ये शिरण्यासाठी १८६३ पासून १८७२ पर्यंत, तब्बल नऊ वर्षं झगडावं लागलं. हिंदू अनेक देव मानतात, मग ते शपथ कोणत्या देवाची घेणार, असा आक्षेप होता. ज्या मातीत नामदेवांची नरसी आहे, त्या मातीतल्या माणसाला या आक्षेपाचं हसूच येईल. आपल्याकडे एका दिंडीत शिंपी, कुंभार, माळी, सोनार या सर्वांचे अभंग एकाच टाळावर म्हटले जातात, आणि देव किती हे कुणी मोजत बसत नाही. अर्थात दिंडीतही सर्वांना सारखी जागा मिळाली असं म्हणणं खोटं होईल. चोखोबांना देवळाच्या पायरीशीच राहावं लागलं, हे आपण विसरू नये. बंधुत्व उच्चारणं सोपं, पाळणं अवघड. हा दोष कोण्या एका जातीचा किंवा देशाचा नाही.

पुढं काळ बदलला. प्रसन्नकुमारांनी उघडलेल्या दारातून पुष्कळ हिंदी माणसं आत गेली. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे आपले स्वामी विवेकानंद, १८८४ साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये दाखल झाले होते. देश स्वतंत्र झाल्यावर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत भारताची स्वतंत्र महासभा स्थापन झाली, आणि रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले प्रमुख झाले. तिकडे इंग्लंडातही १८९६ साली आरमारी अधिकाऱ्यांसाठी ‘नेव्ही लॉज’ आणि राजाच्या रक्षक पलटणींसाठी ‘हाउसहोल्ड ब्रिगेड लॉज’ निघाले होते. नोकरीतले आणि नोकरी संपलेले सैनिक एकत्र बसतील असे लॉज तिकडे आजही भरतात. कारण उघड आहे. पलटणीत माणूस वीस-वीस वर्षं सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून जगतो. गणवेश उतरला की एका दिवसात एकटा पडतो. त्याचं बोलणं ज्यांना समजेल अशी माणसं त्याला हवी असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, या हकिगतीतून मुलांना काय सांगावं? गुप्त खुणा आणि जादूघराची नवलाई मुलांना आवडेलच, ती जरूर सांगा. पण त्यापुढं दोन प्रश्न त्यांच्यापुढं ठेवा. सैनिकाला भाऊबंद का लागतात? आणि भाऊबंदकीचं दार कुणासाठी उघडं होतं? कोणत्याही मंडळाची, संघाची, गावातल्या सोसायटीचीसुद्धा पारख या दुसऱ्या प्रश्नानं होते.

आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावातच शोधता येईल. आपल्या भागातले तरुण फौजेत जातात, निवृत्त होऊन परत येतात. दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासूनची ही प्रथा. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं, माजी सैनिकांचे संघ असतात. तिथं शपथ नाही, खूण नाही, आणि शिपाई की सुभेदार ही अट नाही. पण शहीद जवानाच्या पत्नीला त्या कचेरीचा रस्ता ठाऊक असतो का? पेन्शनीचा कागद अडला तर तो वाचून देणारं कुणी शेजारी असतं का? ध्वजदिनाच्या डब्यात नाणं टाकून आपण मोकळे होतो. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी सकाळी गावातल्या माजी सैनिकाला शाळेत बोलवावं, मुलांपुढं बोलू द्यावं आणि शाळा सुटल्यावर त्याच्याशी चार घटका बसून त्याचा अडलेला कागद पाहावा. गुरुजींना हे सहज जमण्यासारखं आहे. एवढं सुचवून आजचं भाषण पुरं करतो.