अंत्युखियाची पंगत

मनुष्य देवाला प्रिय होतो तो नियम पाळल्यानें कीं श्रद्धा ठेवल्यानें, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. पुढील काळांत त्यावर मोठमोठे ग्रंथ झाले, धर्मपीठें दुभंगलीं आणि राज्यें एकमेकांवर चालून गेलीं. परंतु त्याला पहिलें धारदार रूप आलें तें जेवणाच्या पंगतींत. इ. स. ५० च्या सुमारास अंत्युखिया शहरांतील लहानशा ख्रिस्ती मंडळींत कोणीं कोणाबरोबर बसून जेवावें यावरून पेत्र आणि पौल या दोन प्रेषितांत उघड खटका उडाला. पंक्तिभेद म्हणजे काय आणि तो मनाला किती झोंबतो, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांना विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं.

अंत्युखिया हें ओराँतीस नदीच्या कांठचें शहर. सेल्युकस राजानें तें ख्रिस्तपूर्व ३०० सालीं वसविलें. रोमन साम्राज्यांत रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होत असे. आज तें तुर्कस्तानांत अंताक्या या नांवानें ओळखलें जातें. २०२३ च्या फेब्रुवारींतील भूकंपानें त्याची फार मोठी हानि झाली. येशूच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हें नांव प्रथम मिळालें तें याच शहरांत. येथील मंडळींत यहुदी होते आणि ग्रीकही होते. ग्रीकांनीं येशूवर विश्वास ठेवला होता. पण सुंता करून घेतली नव्हती, मोशेच्या नियमशास्त्रांतील खाण्यापिण्याचे निर्बंधही ते पाळीत नसत. असे हे दोन्ही समाज एकत्र बसून जेवीत. त्या काळीं प्रभुभोजनाचा विधि नेहमींच्या जेवणापासून फारसा वेगळा झालेला नव्हता. त्यामुळें पंगत मोडणें म्हणजे उपासना मोडण्यासारखेंच होतें.

यहुद्यांना हे नियम प्राणाहून प्रिय कां होते, हें समजून घेतल्यावांचून पुढील प्रसंगाचें मर्म कळणार नाहीं. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास याच अंत्युखियाच्या गादीवरील चौथा अंतियोख राजा यानें सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली व यरुशलेमेच्या मंदिराची विटंबना केली. निषिद्ध मांस तोंडांत घालण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या कथा मक्काबींच्या ग्रंथांत नमूद आहेत. तेव्हां ज्याला आपण सहज 'सोंवळें' म्हणून हंसूं, त्यामागें एका लहान राष्ट्राच्या हुतात्म्यांचें रक्त होतें. नियम सोडणें म्हणजे त्यांच्याशीं बेइमान होणें, असें एखाद्या सज्जन यहुद्याला वाटलें तर त्यांत नवल नव्हतें.

पेत्र अंत्युखियास आला तेव्हां तो आरंभीं ग्रीकांच्या पंगतीस निःसंकोच बसत असे. पुढें यरुशलेमेहून, याकोबाकडून, कांहीं मंडळी आली. याकोब हा येशूचा भाऊ आणि तेथील मंडळीचा प्रमुख. पाहुणे काय म्हणतील या भीतीनें पेत्र हळूहळू मागें सरला आणि वेगळा बसूं लागला. त्याचें पाहून इतर यहुदीही सरले. शेवटीं बर्णबाही गेला. ज्या बर्णबानें पौलाला आपल्या बरोबरीनें अंत्युखियाच्या कामांत आणलें होतें, तोच उठून गेला, हें पौलाच्या जिव्हारीं लागलें. त्यानें सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला : तूं स्वतः यहुदी असून परक्यांच्या रीतीनें राहतोस, मग त्यांनीं यहुदी व्हावें असा आग्रह कोणत्या तोंडानें धरतोस? 'तुम्ही हलके आहांत' असें पेत्र कोणास म्हणाला नव्हता. परंतु रिकाम्या झालेल्या जागांनीं तें सांगितलें होतें.

हा जाब विचारणारा पुरुष स्वतः नियमांच्या कडक शिस्तींत वाढलेला होता. पौल जन्मानें तार्सकर यहुदी आणि पंथानें परूशी. गमलियेल या थोर शास्त्र्यापाशीं त्याचें अध्ययन झालें, असें 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत सांगितलें आहे. नियमशास्त्राच्या अभिमानानेंच तो येशूच्या अनुयायांचा छळ करीत असे. दिमिष्काच्या वाटेवर त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. ज्याला तो शापित समजत होता, त्यानेंच आपल्यावर प्रेम केलें, अशी त्याची खात्री झाली. पुढील सारी शिकवण त्या खात्रींतून निघाली. प्रेम जर लायकी न पाहतां मिळालें असेल, तर तें इतरांना देतांना सुंतेची अट कशी घालावयाची?

अंत्युखियाचा प्रसंग त्यानें ज्या पत्रांत लिहिला, तें गलतीकरांस लिहिलेलें पत्र अवघें सहा अध्यायांचें आहे. गलतिया हा आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागचा प्रदेश. तेथील नव्या ख्रिस्ती लोकांना सुंता करून घेण्यास सांगणारे उपदेशक पौलाच्या मागून आले होते. पौल इतका व्यथित झाला कीं, पत्रारंभीं उपकार मानण्याची आपली नित्याची रीतही त्यानें सोडली. अब्राहामाला वचन मिळालें तें श्रद्धेमुळें. नियमशास्त्र त्यानंतर ४३० वर्षांनीं आलें. मग मागाहून आलेला नियम आधींचें वचन कसें रद्द करील, असा त्याचा युक्तिवाद आहे. नियमशास्त्राला त्यानें एक मार्मिक उपमा दिली आहे. ग्रीक घरांत मुलाला शाळेंत पोंचविणारा आणि त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा एक दास असे. त्याचा धाक मुलाच्या हिताचाच होता; परंतु मुलगा कर्ता झाल्यावरही त्या दासाच्या हुकुमांत राहिला, तर तो मोठा झाला असें कोण म्हणेल?

याच पत्रावर मार्टिन लूथरनें व्याख्यानें दिलीं आणि त्यांवरून सिद्ध झालेलें मोठें भाष्य १५३५ सालीं प्रसिद्ध झालें. लूथरला यहुदी धर्म म्हणजे पुण्याचा हिशेब ठेवणारी कोरडी पेढी वाटली आणि तो समज चार शतकें टिकला. १९७७ सालीं ई. पी. सँडर्स या अभ्यासकानें यहुदी ग्रंथांच्या आधारें त्याला मोठा धक्का दिला. यहुदीही देवाची कृपा प्रथम मानीत आणि त्या कृपेला उत्तर म्हणून नियम पाळीत, असें त्यानें दाखविलें. म्हणजे अंत्युखियाचा वाद कृपा मानणारे व न मानणारे यांच्यांतील नव्हता. त्या कृपेच्या पंगतीस बसण्याचा अधिकार कोणाला, हा खरा वाद होता.

नियमांचें कुंपण काढल्यावर माणसें मोकाट सुटतील, हा आक्षेप पौलाच्या हयातींतच निघाला होता. त्यावर त्याचें उत्तर असें कीं, स्वातंत्र्य मिळालें आहे तें प्रेमानें एकमेकांचे दास होण्यासाठीं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करावी, ही मोशेच्या शास्त्रांतीलच आज्ञा. तींत सारें नियमशास्त्र सामावतें, असें तो सांगतो. हा मार्ग सोपा नव्हे. करिंथ शहरांत मूर्तीपुढें ठेवलेलें मांस खावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. मूर्ति म्हणजे कांहींच नाहीं, तेव्हां खाण्यास हरकत नाहीं, असें जाणते लोक म्हणूं लागले. पौलानें त्यांचें तत्त्व मान्य केलें. पण माझ्या खाण्यानें दुबळ्या भावाचें मन ठेंचाळत असेल तर मी मांस कधींच खाणार नाहीं, असें कळविलें. नियम पाळणाऱ्याला आपलें कर्तव्य कोठें संपलें हें तरी कळतें. प्रेमाला तसा शेवट नसतो. समोरचा मनुष्य पाहून दर वेळीं नव्यानें ठरवावें लागतें.

पौलाच्या अखेरच्या यरुशलेमयात्रेंत याची कसोटी लागली. यरुशलेमेच्या मंडळींत दारिद्र्य होतें. मासेदोनिया आणि अखया येथील, सुंता न झालेल्या ख्रिस्ती लोकांकडून पौलानें त्या गरिबांसाठीं वर्गणी गोळा केली. ज्या गांवच्या पाहुण्यांमुळें पंगत मोडली होती, त्याच गांवीं ती घेऊन तो इ. स. ५७ च्या सुमारास गेला. मित्रांनीं धोक्याची सूचना दिली. तरी तो थांबला नाहीं. तेथें याकोब व वडील मंडळींनीं सुचविलें कीं, तूं नियमशास्त्राचा शत्रु नाहींस हें लोकांना दिसावें म्हणून नवस केलेल्या चार माणसांबरोबर शुद्धीचा विधि कर आणि त्यांचा खर्चही सोस. पौलानें तें मान्य केलें. ज्या नियमाची सक्ति ग्रीकांवर होऊं नये म्हणून तो पेत्राशीं भांडला, तो नियम स्वजनांचें मन राखण्यासाठीं त्यानें स्वतः पाळला.

त्याच मंदिरांत त्याला जमावानें धरलें. त्रफिम नांवाच्या इफिसकर ग्रीकाला त्यानें आंत आणलें, असा आळ होता. परक्यानें या कठड्यापलीकडे पाऊल टाकल्यास आपल्या मरणास तो स्वतःच जबाबदार, असा ग्रीक लेख कोरलेला त्या मंदिराचा दगड १८७१ सालीं सांपडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयांत आहे. पौल त्यानंतर कैसरियाच्या कैदेंत दोन वर्षें राहिला, मग बेड्यांनिशीं रोमला गेला आणि नीरोच्या काळांत तेथेंच त्याचा वध झाला, असें परंपरा सांगते.

अंत्युखियास पेत्रानें पौलाला काय उत्तर दिलें, हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. तो पुन्हां त्या पंगतीस येऊन बसला कीं नाहीं, हेंही नाहीं. परंतु ज्या गांवच्या पाहुण्यांमुळें पंगत मोडली, त्या गांवच्या गरिबांसाठीं पौल पुढें वर्गणी घेऊन निघाला, एवढें मात्र त्याच्या स्वतःच्याच पत्रांवरून कळतें.