सासष्टीतील एक प्रश्न आणि ख्रिस्तपुराण

गोव्याच्या दक्षिण भागात सासष्टी नावाचा जुना प्रदेश आहे. जुवारी नदीच्या काठी राशोल, म्हणजेच लोकांच्या तोंडचे रायतूर, याच प्रदेशात येते. तेथील येशूसंघाच्या छापखान्यातून इ. स. १६१६ मध्ये ओवीबद्ध मराठी भाषेतील एक मोठा ग्रंथ बाहेर पडला. त्याचा विषय होता पवित्र शास्त्र, आणि त्याचा कर्ता होता थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज धर्मगुरू. ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने तो ग्रंथ आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मान्यता पावला आहे. त्याची भाषा, त्याचा छंद व त्याचे काव्यगुण यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु तो ग्रंथ मुळात कोणत्या गरजेतून जन्माला आला, ही गोष्ट त्याहूनही मननीय आहे. धर्म पाठ असणे आणि धर्म समजणे यांत किती अंतर असते, हे त्या जन्मकथेवरून कळून येते.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक मताच्या लोकांवर कडक निर्बंध होते. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिल महिन्यात लिस्बनहून निघालेले त्यांचे गलबत ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्यानंतर १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत ते मायदेशी परतले नाहीत. त्यांच्या आयुष्याची ही चाळीस वर्षे बहुतांशी सासष्टीच्या खेड्यापाड्यांत गेली.

ते ज्या सासष्टीत आले ती शांत नव्हती. १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती. जुन्या ग्रंथांचे पठन बंद करण्यात आले होते, आणि कित्येक कुटुंबे आपली दैवते घेऊन नदीपलीकडे गेली होती. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली. अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा हे त्यांपैकी एक होत. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावणे पाठवून ठार केले. प्रेमाचा संदेश सांगावयाचा आणि त्याच्या पाठीशी तलवार उभी असावयाची, हा त्या काळाचा मोठा विरोध होता. तो झाकून ठेवून ख्रिस्तपुराणाची कथा सांगता येणार नाही.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी आपल्या भावास एक पत्र लिहिले. या देशातील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानास गोड लागतो आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळणारी आहे, असा अभिप्राय त्यात आहे. चहूकडे वैराचे वातावरण असताना हा परदेशी मनुष्य लोकांच्या बोलण्याकडे कान लावून बसला होता, हे त्या पत्रावरून दिसते.

त्या वेळी धर्मशिक्षणाची रीत ठरलेली होती. मुलांना व नव्याने ख्रिस्ती झालेल्या प्रौढांना देवळात जमवावयाचे आणि क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार, दहा आज्ञा व संस्कार त्यांच्याकडून घोकून घ्यावयाचे. शब्द पाठ होत. अर्थ मात्र पुष्कळदा मागे राही. अशाच एका प्रसंगाचे वर्णन ख्रिस्तपुराणाच्या आरंभी आले आहे. सासष्टीतील एका देवळात शिकवण चालली असता एक ब्राह्मण पुढे होऊन पाद्रीगुरूंना प्रश्न करतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आपण शिकविता ते उत्तमच आहे. परंतु आमची जुनी पुराणे वाचण्यास आपण मनाई केली, तर त्यांच्या जागी वाचावयास व मनन करावयास दुसरे पुराण आम्हांस का देत नाही?

या प्रश्नात तक्रार आहे, तशीच जिज्ञासाही आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरी कथा-पुराणांचे श्रवण होत आले, त्यांच्या हाती केवळ आज्ञांची यादी दिल्याने त्यांचे समाधान कसे व्हावे? यादीने काय करावे ते कळते. का करावे हे कळण्यास कथा लागते. तो प्रश्न विचारणाऱ्यावर पाद्रीगुरू रागावत नाहीत. ते त्याचे कौतुक करतात, आणि पुढचा सारा ग्रंथ त्याचे उत्तर होऊन बसतो.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात विश्वाच्या उत्पत्तीपासून आदाम-एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद यांच्यापर्यंत जुन्या कराराची कथा येते. दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे जन्म, कार्य, मरण व पुनरुत्थान वर्णिले आहे. आरंभीचे नमन मराठी काव्याच्या परंपरेला धरून आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ हा शब्द योजण्यास कवीला संकोच वाटत नाही. मोगरी आणि कस्तुरी यांचे दाखले देऊन त्याने मराठी भाषेचा केलेला गौरव तर सर्वविदित आहे. तथापि त्याची दृष्टी केवळ साहित्याची नव्हती. शुद्ध मराठीतील पुष्कळसे शब्द सासष्टीच्या लोकांस कळत नाहीत, म्हणून आपण त्यांत तेथील बोलीचे शब्द मिसळून ग्रंथ सोपा केला, असे तो प्रस्तावनेत सांगतो. गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पण तो वाचून दाखविला की निरक्षर श्रोत्यासही समजत असे.

प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पोथी मात्र स्टीफन्स यांनी कोकणी बोलीत लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोल येथे छापली गेली. पुराणासाठी कीर्तनाची भाषा आणि नित्य शिकवणीसाठी घरातली भाषा, अशी ही वाटणी होती. धर्म देवळात ऐकावयाचा व घरात आचरावयाचा असतो, हे त्या वाटणीमागील मर्म आहे.

कथेवाचून आज्ञा अपुरी का राहते, हे पवित्र शास्त्रातूनच पाहता येते. दहा आज्ञा देण्यापूर्वी देव इस्राएल लोकांना मिसर देशाच्या दास्यातून सोडवितो. आधी सुटका, मग नियम, असा हा क्रम आहे. खोटी साक्ष देऊ नये, चोरी करू नये, आईबापांचा मान राखावा, हे नियम मग धन्याचा हुकूम राहत नाहीत. मुक्त झालेल्या माणसांनी पुन्हा एकमेकांना दास करू नये, यासाठी घातलेली ती मर्यादा ठरते. हा क्रम ज्याला ठाऊक नाही, तो आज्ञा केवळ भयाने पाळील. ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञतेने पाळील.

नव्या करारातही तेच दिसते. देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करावी, या दोन गोष्टींत येशू ख्रिस्ताने सारे नियमशास्त्र सामावले. तेव्हा एका शास्त्रपंडिताने त्याला विचारले, की शेजारी म्हणजे कोण? ख्रिस्ताने व्याख्या केली नाही. त्याने गोष्ट सांगितली. वाटेत लुटारूंनी घायाळ केलेल्या मनुष्याला याजक व लेवी टाळून जातात. ज्यांना यहुदी परके मानीत, त्या शोमरोनी लोकांपैकी एकजण मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. शेवटी पंडितालाच उत्तर द्यावे लागते. लूकच्या शुभवर्तमानातील ही कथा ऐकणाऱ्याला शेजारधर्माची व्याख्या पाठ करावी लागत नाही. दारात आजारी माणूस आला की ती आपोआप आठवते.

भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस आणि मृतास मूठमाती, ही दयेची सात शारीरिक कृत्ये ख्रिस्तसभा शिकवीत आली आहे. त्यांपैकी पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या वर्णनातून घेतली आहेत. त्या वर्णनात, कोणी किती प्रार्थना पाठ केल्या, असे विचारलेले नाही.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे मात्र राज्यकर्त्यांचे धोरण फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण ग्रंथ मेला नाही. कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर तो दक्षिणेस गेला. तेथे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून त्याची रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली, आणि हळूहळू मिस्साही मराठीतून व कोकणीतून होऊ लागली.

हुकूम काढणाऱ्या सत्तेचे गोव्यातील राज्य १९६१ मध्ये संपले. तिने मोडू पाहिलेल्या भाषा त्याच भूमीत आजही बोलल्या जातात. सासष्टीतील त्या श्रोत्याने शिकवण नाकारली नव्हती. ती समजेल अशा रूपात मागितली होती. धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येक गुरूपुढे आणि प्रत्येक आईबापापुढे ती मागणी अद्याप उभी आहे. मुलाने प्रार्थना न चुकता म्हटली, यावर समाधान मानण्यापूर्वी त्याला तिचा अर्थ एकदा विचारून पाहणे आवश्यक आहे. आणि त्याने उलट प्रश्न केला, तर त्या पाद्रीगुरूंप्रमाणे त्याचे कौतुकच केले पाहिजे.