बुळबुळीचं बोलावणं

निघोज्यातल्या एका कारखान्यात, देखभाल विभागात मी बरीच वर्षं काढली. कुलिंग टॉवरच्या पाइपांत धरणारा बुळबुळीत थर हा आमचा जुना वैरी. क्लोरीन टाका, ब्रश मारा, थोड्या दिवसांत स्वारी पुन्हा हजर! एकदा तर त्यानं पाणीच अडवलं आणि ऐन दुसऱ्या पाळीत लाइन बंद पडली. तेव्हा खाल्लेली बोलणी अजून विसरलेलो नाही.

निवृत्तीनंतर मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात खडकाला धरून बसलेली प्रवाळं, म्हणजे पोवळ्यांची भाईबंद, प्रथमच पाहिली. होडीवाल्याला विचारलं, ही इथं आली कशी? तो म्हणाला, "येतत पाण्यावांगडा. बरी जागा गावली की रवतत."

बरी जागा म्हणजे कोणती? प्रवाळाचं पिल्लू जेमतेम मिलिमीटरभर. डोळे नाहीत. काही दिवस पाण्यात तरंगतं आणि एकदा का खडकाला चिकटून त्याचं रूप पालटलं, की जन्मभर तिथून हलणं नाही. मग ते जागा पारखतं कशी? या प्रश्नाच्या उत्तरात माझा तो वैरीच भेटला.

सुरुवात झाली ती वैरातूनच. जहाजाच्या तळाला शिंपले, किडे चिकटले की वेग मंदावतो, लाकूड पोखरलं जातं. ब्रिटिश नौदलानं 1761 मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. पण चिकटणाऱ्यांत पहिलं कोण येतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं. कॅलिफोर्नियात झोबेल आणि अ‍ॅलन यांनी काचपट्ट्या समुद्रात बुडवून ठेवल्या. 1935 मध्ये त्यांनी लिहिलं, की आधी येतात जिवाणू, तेही काही तासांतच. ते स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि मागून इतर मंडळी वस्तीला येतात. यालाच आज बायोफिल्म म्हणतात. पुढे 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये प्लिमथला डग्लस विल्सन यांना दिसलं, की वाळूतल्या एका किड्याची पिल्लं ठरावीक वाळूवरच उतरतात. तीच वाळू आम्लानं धुतली की तिची ओढ संपते. कणांवरची सूक्ष्म वस्ती गेली, की वाळू परकी!

आपल्याकडे हा धागा गोव्यात, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत धरला गेला. ए. सी. अनिल आणि लिडिता खांडेपारकर यांनी बार्नकलच्या पिल्लांवर काम केलं. बार्नकल म्हणजे खडकाला नि होडीला चिकटणारे ते धारदार पांढरे शंकू. अनवाणी चालणाऱ्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. जिवाणू आणि त्यांच्या चिकट स्रावाचा या पिल्लांच्या स्थिरावण्यावर परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. थर नुसता असून भागत नाही, तो कोणाचा यालाही महत्त्व आहे.

प्रवाळाबद्दलचा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. गुलाबी, दगडासारख्या कडक शेवाळावर प्रवाळाची पिल्लं उतरतात, हे ठाऊक होतं. 2001 मध्ये नेग्री आणि सहकाऱ्यांनी त्या शेवाळावरून एक जिवाणू वेगळा काढला, तर नुसत्या त्याच्यामुळेही पिल्लांचं रूप पालटलं. 2004 मध्ये वेबस्टर आणि सहकाऱ्यांचे आकडे आले. दोन आठवड्यांच्या थरावर शंभरात दहाही पिल्लांनी रूप पालटलं नव्हतं, आठ आठवड्यांच्या थरावर मात्र 41 टक्क्यांपर्यंत. म्हणजे थर मुरावा लागतो, लोणच्यासारखा. मी मात्र त्याला कधी मुरूच दिला नाही.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल. पण आपल्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ असल्याचं कासिम आणि वाफर यांनी 1979 मध्येच नोंदवलं. 1987 मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी-हाजीअलीच्या 18 प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. किती जगल्या याचा हिशेब सगळे विचारतात, तो विचारलाच पाहिजे. माझ्यासारख्या पाइप घासणाऱ्याला मात्र दुसरीच शंका छळते. हलवली ती वाढलेली प्रवाळं. त्यांच्या शेजारी नवं पिल्लू उतरायचं तर खडकावरचा थर हवा, आणि तो उचलून नेता येत नाही. सांडपाण्यावर पोसलेला थरही हाताला तितकाच बुळबुळीत लागतो. आतली वस्ती मात्र वेगळी असते, आणि पिल्लाला फरक पडतो तो तिचाच.