गोदा आणि गोदी

आमच्या आज्जीला शेवटपर्यंत वाटायचं, की तिचा थोरला लेक कुठल्यातरी नदीवर कामाला आहे. गाव आमचं गेवराई तालुक्यातलं, गोदाकाठचं. लेकानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं, 'गोदीत हमाल म्हणून लागलो, काळजी नसावी.' मास्तरांनी वाचून दाखवलं. गोदेचीच कोणी धाकटी बहीण मुंबईकडं वाहत असणार, असा अर्थ लावून आज्जी मोकळी झाली. पुढं दर पावसाळ्यात ती विचारायची, "गोदीला पाणी चढलं का रं यंदा?"

तो लेक म्हणजे आमचे बाप्पा, माझे थोरले चुलते. आता ते नाहीत. त्यांनी सांगितलेलं किती खरं, किती फुगवलेलं, आणि किती माझ्याच डोक्यात मागाहून वाढलेलं, हे सोडवत बसायचं आता माझं वय राहिलं नाही.

बाप्पांच्या आधी मुंबईच्या वाटेला लागला तो आमचा कापूस. आजोबा गाडीबैल जुंपून पाथर्डीच्या वाटेनं नगरला कापूस न्यायचे. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) 1878 पासून तिथं रेल्वे होती. आमचं बीड तेव्हा निजामाचं आणि नगर इंग्रजांचं, म्हणून मध्ये करोडगिरीचा नाका. जकातीच्या त्या खात्याचं नाव घेताना आजोबा अजून नाक्यावरच उभे असल्यासारखा आवाज बारीक करायचे. परतताना रुपयाचाही हिशेब मांडावा लागे, कारण निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण हा सहा-साताचा पाढा त्यांना झोपेतही यायचा. आज त्याच बाजूनं राष्ट्रीय महामार्ग 61 जातो, पाडळसिंगी, पाथर्डी, नगर करत कल्याणकडं.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेलं आणि दोन-तीन वर्षांनी बाप्पा घरातून निघाले. पाठीवर वळकटी आणि हातात येसराचा डबा. येसर ज्यानं खाल्लं त्याला सांगायला नको आणि न खाल्लेल्याला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. डाळी-धान्यं आणि मसाला खमंग भाजून दळलेलं पीठ ते. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी. लग्नाच्या पंगतीत मान त्याचाच आणि परमुलखात एकट्या पुरुषाचा आधारही त्याचाच. मोठी आई, म्हणजे बाप्पांची बायको, वर्षातून दोनदा डबा भरून धाडायची.

मुंबईत ते ज्या रस्त्याला लागले तो फ्रेअर रोड. 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रेअरचं नाव त्याला होतं. समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवरचा हा रस्ता. अमेरिकेतल्या यादवीनं कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा ही समुद्र बुजवायची घाई सुरू झाली. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया, 1914 मध्ये अलेक्झांड्रा. मशीद बंदर, वाडी बंदर अशी नावं ओवत तो रस्ता गोदीच्या भिंतीला धरून उत्तरेकडं जातो. बाप्पांच्या तोंडी तो 'फेर रोड'. दिवसभर फेरच घालायचा म्हणून फेर रोड, असं ते आम्हा पोरांना ठासून सांगत. अक्षरओळख नव्हती, पण गोदीचे दरवाजे रंगांवरून ओळखले जात, यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट. बाप्पांना इंग्रजी आलं ते एवढंच, तीन-चार रंगांपुरतं.

हमालांच्या खोलीत जुनी माणसं 14 एप्रिल 1944 ची गोष्ट सांगत. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागली होती. पोटात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी आग लागली, चारनंतर दोन स्फोट झाले. 66 अग्निशामक जवान गेले, एकूण माणसं सरकारी आकड्यानं आठशेच्या आसपास. आजूबाजूची धान्याची कोठारं जळाली, सोन्याच्या विटा उडून कुठल्याकुठं पडल्या. हे सांगून झालं की बाप्पा हळूच जोडायचे, "त्या गाठी आपल्या गेवराईच्या व्हत्या." मी पुढं वाचलं, तो कापूस कराचीत चढवलेला होता. बाप्पांना कधी बोललो नाही. आगीत का होईना, गावाचं काहीतरी असावं असं त्यांना वाटत होतं.

त्यांचा देव मात्र वेगळा, प्लॅसिड डिमेलो. गोदी कामगारांचा पुढारी. टोळीवाल्याच्या मर्जीवरची रोजंदारी जाऊन माणूस कायदेशीर कामगार होतो, हे बाप्पांना त्यांच्या सभेत पहिल्यांदा कळलं. 1958 मध्ये डिमेलो वारले, संघटना जॉर्ज फर्नांडिसांकडं आली आणि पुढं रस्त्याला पी. डिमेलो मार्ग हे नाव लागलं. गव्हर्नर पुसला गेला आणि हमालांचा माणूस पाटीवर चढला, हे सांगताना बाप्पा टोपी सारखी करायचे. बोलताना मात्र फेर रोडच म्हणायचे.

दिवाळीला ते यायचे तेव्हा पिशवीत खजूर असायचा. आमच्याकडं त्याला बोटीचा खजूर म्हणत. इराकच्या बसऱ्याहून आलेला, काळा, चिकट, मधूनच तागाचा धागा लागणारा. मोठी आई तो उतरंडीत लपवायची आणि आम्ही शोधायचो.

पण समुद्र खऱ्या अर्थानं आमच्या घरात आला तो 1972 च्या दुष्काळात. मी दहा वर्षांचा होतो. विहिरीच्या तळाला भेगा. आई, काकू, मोठी आई सगळ्या दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, ती आम्हाला मुठीतून येई. आणि रेशनला मिलो, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडं ती डुकरांना घालतात, असं अख्खं गाव म्हणायचं आणि अख्खं गाव खायचं. भाकरी थापताना चिरायची, निवली की वहाणेसारखी. तिचा तो तांबूस रंग मला अजून तव्यावर दिसतो.

त्या वर्षी बाप्पा सुट्टीवर आले. अंगणातल्या पोत्याभोवती फिरले, शिवण चाचपली आणि म्हणाले, "ह्याची न् माझी वळख हाय. बोटीतून आम्हीच उतरवलंय." क्विंटलाची पोती पाठीवर घेऊन फेर रोडला लावलेली. हेच पोतं का, देव जाणे. आम्हा पोरांना खरं वाटलं. आमच्याकडं पाठवायचं म्हणूनच बाप्पांनी ते उचललं असणार. मोठी आई चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "वळखलं व्हतं तर तिथंच समुद्रात कामून न्हाई ढकललं?"

बाप्पा त्या रात्री मिलोची भाकरी येसरात कुस्करून तीन वेळा मागून जेवले. तिला बरं वाटावं म्हणून, का खरंच भूक होती, कळलं नाही.

1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि धंदा कंटेनरचा झाला. माझा पुतण्या आज पळस्पे फाट्यावरून तिकडं ट्रेलर चालवतो, महामार्ग 348, पूर्वीचा चार-बी. बाप्पांनी त्याला एकदा विचारलं, "डब्यात काय असतं?" तो म्हणाला, "काय माहीत. सील असतं." बाप्पा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले. गूळ, हळद, खजूर, खत, पोतं पाठीला लागलं की त्यांना वासानंच कळायचं. घामालाही त्या दिवसाचा वास लागायचा म्हणे.

2014 मध्ये आम्ही त्यांना पूर्व मुक्त मार्गावरून नेलं. असे द्रुतगती रस्ते मुंबईला हवेत, हे विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागारांनी 1960 च्या दशकातच सुचवलं होतं. झाला तो पन्नास वर्षांनी. ऑरेंज गेटजवळ गाडी वर चढली. उजवीकडं गोदामांची पत्र्याची छपरं, मागं क्रेनी. बाप्पा काचेला नाक लावून बसले होते. बोगदा यायच्या आत म्हणाले, "एक बी ट्रक न्हाई." इथं ट्रकला बंदी आहे, असं सांगितलं. "बंदरावरचा रस्ता न् माल न्हाई?" मग चेंबूर येईपर्यंत काही बोलले नाहीत.

17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली. मोठी आई नव्वदीला टेकलीय. हट्टानं स्टेशनवर आली, डोळ्यांवर हात धरून इंजिनाकडं बघत राहिली. "मुंबईला जाती का?"

"न्हाई, सध्या नगरपर्यंतच."

"नगरला व्हय?" ती परत रिक्षाकडं वळली. "नगरला तर मामंजी गाडीबैलानं जायचे."