नवोदित कबड्डीपटूंची पारख (हिंदमाता-लालबाग परिसर)

किशोर व कुमार गटांतील खेळाडू उद्याच्या संघात कुठे बसतील, याचा कबड्डीरसिकांनी बांधलेला अंदाज. मुंबईचा गिरणगाव हा या खेळाचा जुना बालेकिल्ला. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी मंडळांची कबड्डी टिकली. लालबाग-परळ, प्रभादेवी, ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखाना येथील सामन्यांत ही पारख चालते.

निकष : चढाईपटूचा दम, पदलालित्य आणि बोनस रेषेवरील धिटाई पाहिली जाते. एक पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत राहिला, तरच बोनस मिळतो. जाणकारांची नजर त्या मागच्या पायावर असते. कोपरारक्षकाच्या बाबतीत घोटा धरण्याची अचूक वेळ, तर मध्यरक्षकाच्या बाबतीत साखळीतील जोडीदाराशी मेळ महत्त्वाचा. कुमार गटात वजनाची मर्यादा असते. खुल्या गटातील दणकट गड्यांसमोर हाच खेळ टिकेल का, हा खरा प्रश्न.

संघबांधणी : संघात १२ खेळाडू, मैदानात ७. त्यामुळे दोन्ही बाजूंचे चढाईपटू आणि कोपरारक्षक यांचा तोल साधावा लागतो. पूर्वी गुणी खेळाडूचे लक्ष्य भारत पेट्रोलियम, महिंद्रासारख्या व्यावसायिक संघातील नोकरी असे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने लिलावाची वाट खुली केली. २०१५ मध्ये मुंबईच्या यू मुंबा संघाने या स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. मात्र खेळाडू घडतो तो मंडळातच, म्हणून या जाणत्या प्रेक्षकांचे मोल मोठे आहे.