निलगिरीच्या वैऱ्याचा वैरी

मराठीत ज्या झाडाला निलगिरी म्हणतात, त्याचे नाव दक्षिणेतील डोंगराचे असले, तरी कूळ ऑस्ट्रेलियाचे आहे. दक्षिण आफ्रिकेतही ते परकेच. तेथील सोन्याच्या खाणींत भुयारांना टेकू देण्यासाठी सरळ व लवकर वाढणारे लाकूड हवे होते, म्हणून निलगिरीची राने मुद्दाम उठविण्यात आली.

१९१६ साली केपटाउन येथे या झाडांवर तपकिरी रंगाचा, सोंडेसारख्या तोंडाचा एक भुंगेरा आढळला. तोही ऑस्ट्रेलियाचाच. भुंगेरे पानांच्या कडा कुरतडीत व त्यांच्या अळ्या कोवळी पालवी फस्त करीत. शेंडा वारंवार खाल्ला गेला, की झाडाची उंची खुंटते व त्याचे झुडूप होते. असल्या झाडाचा खाणीला काय उपयोग? दहा वर्षांच्या आत ही पीडा देशात दूरवर पसरली.

अखेर एफ. जी. सी. टूक हे कीटकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियास गेले. मायदेशी हा भुंगेरा एवढा का माजत नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. १९२६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील पेनोला येथे त्याचे उत्तर मिळाले. भुंगेऱ्याची मादी पानावर अंड्यांचा पुंजका घालून त्यावर काळपट लेप चढविते. गांधीलमाशीच्या गणातील अनाफेस नायटेन्स नावाचा एक अतिशय चिमुकला कीटक नेमका तो लेप भेदून प्रत्येक अंड्यात आपले अंडे घालतो, आणि त्याची अळी आतल्या आत भुंगेऱ्याचा वंश संपविते. हे कीटक आफ्रिकेत आणून वाढविले व रानांत सोडले. काही वर्षांतच बहुतेक ठिकाणी रोग ओसरला. उंचावरील थंड प्रदेशात मात्र यश उशिरा आले. पुढे केनिया, मॉरिशस, इटली या देशांनीही हाच मदतनीस बोलाविला.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर बरे झाले असते. सुमारे शतकभर सर्वांनी या भुंगेऱ्यास गोनिप्टेरस स्कुटेलाटस म्हटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले, की या एका नावाखाली दिसण्यात सारख्या अशा अनेक जाती वावरत होत्या. मूळ स्कुटेलाटस टास्मानियाचा, आणि दक्षिण आफ्रिकेत पोचलेला भुंगेरा निराळाच, तोवर नावही न मिळालेला. दरम्यान तेथील रानांत उपद्रवाने पुन्हा डोके वर काढले आहे. आता कोणत्या जातीच्या अंड्यांवर कोणता कीटक खरोखर चालतो, हे देशोदेशी नव्याने तपासले जात आहे.